चकाकीचा बंदोबस्त

अभिनंदन! इमारतीच्या देखभालीचं खातं तुमच्याकडे आलंय आणि प्रवेशद्वारातला संगमरवर अजूनही चकाकतोय. म्हणजे आधीच्या माणसाने काहीच काम केलेलं नाही. तुम्ही लगेच हात घाला.

सुरुवात दारातल्या पायपुसण्यापासून. ते चांगलं चार-सहा पावलं लांब असतं आणि बुटांची बरीचशी माती त्यातच अडकते. मग आत साफ करायला उरणार काय? गुंडाळून माळ्यावर टाका. वाळूचे कण थेट आत येतील आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण फरशीवर फुकटात पॉलिशपेपर मारून जाईल.

पुसण्याआधी झाडायची भानगड नको. धुळीवरच ओला मॉप फिरवा. जो चिखल होतो तो फरशीच्या सांध्यांत असा काही बसतो की पुढचा माणूस त्याला सांध्याचा मूळ रंगच समजतो. बादली एकच ठेवा आणि पाणी बदलू नका. तळमजल्याची घाण तिसऱ्या मजल्यावर पोचली नाही तर समानता कशी येणार? स्वच्छतागृहाचा मॉप वेगळ्या रंगाचा ठेवण्याचा भेदभावही त्याच झटक्यात बंद करा.

आता खरा विषय, ॲसिड. संगमरवर म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड पडलं की फसफसून बुडबुडे येतात. साहेबांना बोलावून दाखवा, ‘बघा, डाग कसा निघतोय!’ निघत असतो तो दगड, कार्बन डायऑक्साइड सोडत. पण डागही त्याच्याबरोबर जातो, हे कोणी नाकारू शकत नाही. मागे राहिलेला निस्तेज, खरबरीत चट्टा कितीही पुसला तरी हलत नाही. मशीन लावून दगड पुन्हा घासावा लागतो. याला म्हणतात टिकाऊ काम. पीएच ७ च्या आसपासचं सौम्य द्रावण मिळतं, पण त्याला ना वास, ना फेस. केल्यासारखं वाटायला नको?

(एक गोष्ट मात्र चेष्टेतही सांगवत नाही. ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका, क्लोरीन वायू निघतो. फरशी नवी घालता येते, फुफ्फुसं नाही.)

साबणाच्या कॅनवर झाकणाचं माप दिलेलं असतं, ते भित्र्या लोकांसाठी. तुम्ही अंदाजपंचे ओता आणि नंतर साध्या पाण्याने पुसू नका. वाळलेल्या साबणाचा चिकट थर धूळ धरून ठेवतो, दुपारपर्यंत फरशी काळवंडते. मग आणखी साबण. तरीही काळी? मॉप मारणाऱ्या मावशींना सगळ्यांसमोर विचारा, ‘हात चालत नाहीत का?’ त्या म्हणतील, ‘साहेब, साबण जास्त होतोय.’ लक्ष देऊ नका. वीस वर्षं फरशी पुसणाऱ्या बाईला फरशीतलं काय कळणार?

लाकडी फरशीवर बादलीच उपडी करा. बाकीचं काम पाणी करतं. फळ्या फुगल्या की आपोआप वर येतात.

राहिली ती ‘फरशी ओली आहे’ची पिवळी पाटी. ती वर्षभर एकाच जागी, कोरड्या फरशीवर उभी ठेवा, म्हणजे लोकांना तिची सवय होते आणि कोणी ती वाचत नाही. पुढेमागे जिन्यापाशी कोणी घसरलंच, तर पाटी तिथे का नव्हती याची चौकशी करायला समिती नेमा. बैठक मात्र गालिचा असलेल्या खोलीत घ्या.