वेग कमी करून मिळेल

जुना लॅपटॉप विकत घ्यायला गेलं की बेळगावात पहिला प्रश्न दुकानदारच विचारतो, "कशाला पायजे वो हे?" खरं उत्तर देऊ नये. पन्नाशीच्या माणसानं "डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया, ते जुने खेळ खेळायचेत" म्हटलं, तर तो अण्णा आधी तोंडाकडे बघतो, मग सोबत घरचं कुणी मोठं आलंय का ते बघतो. "टॅलीचा जुना डेटा काढायचाय" म्हणावं. किंमत उतरते आणि अब्रूही राहते.

सगळे प्रोसेसर विचारतात. माझं म्हणणं, साऊंड चिप विचारा. डॉसचे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळ्या पडद्यावरचे खेळ साऊंड ब्लास्टर नावाचं साऊंड कार्ड शोधतात, तेही ठरलेल्या सेटिंगवर: ए२२०, आय५, डी१. ईएसएस ऑडिओड्राइव्ह, यामाहाची ओपीएल३-एसए किंवा क्रिस्टलची चिप असेल तर आवाज येतो. पेन्टियम एमएमएक्स आणि पेन्टियम टूच्या काळातल्या कित्येक लॅपटॉपमध्ये त्या सापडतात. पुढच्या एसी९७ (नंतरच्या पद्धतीचा साऊंड) वाल्या यंत्रांत विंडोजमध्ये गाणी वाजतील, पण शुद्ध डॉसमध्ये बहुधा मौनव्रत. फक्त विंडोजवरचं रोड रॅश आणि एज ऑफ एम्पायर्स हवं असेल, तर २००१ चं यंत्रही बिनधास्त घ्या. थिंकपॅड असेल तर पैसे देण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे यंत्र चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून दाखवायला सांगा. त्याचा सुपरवायझर पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो. बोर्डावरचा सेल काढून ठेवला, अगदी पुढच्या दिवाळीपर्यंत, तरी तो जात नाही.

घरी आणलं की लगेच चालू करू नका. आधी बायोसचा सेल बघा. थिंकपॅडमध्ये बहुधा वायर लावलेला सीआर२०३२, म्हणजे नाण्यासारखा लिथियमचा सेल असतो. खडेबाजारात घड्याळाचा सेल मिळतो म्हणून त्यालाच सोल्डरिंग गन लावायला जाऊ नका. लिथियमचा सेल तापला की फुटतो. पत्र्या जोडलेला मागवा. जुन्या तोशिबांमध्ये चार्ज होणारा निकेलचा सेल असतो. तो पंचवीस वर्षांत झिरपतो आणि बोर्डावरच्या तांब्यावर हिरवा-निळा थर चढतो. आपल्याकडे मिरगापासून गणपतीपर्यंत भिंतीसुद्धा घाम गाळतात. जांबोटी-कणकुंबीकडे तर विचारूच नका. अशा हवेत तो थर पसरतच जातो. गळालेला रस अल्कधर्मी असतो, म्हणून आधी कापसाच्या काडीनं पांढरं व्हिनेगर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पूर्ण वाळवणं. त्या जागी साधा सीआर२०३२ बसवू नये. बोर्ड त्याला इमानदारीनं चार्ज करत बसतो, आणि हा चार्ज होण्याच्या जातीचाच नाही. तेवढ्याच व्होल्टचा निकेलचाच घालावा.

उघडताना लॅपटॉपचं चित्र कागदावर काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीनं लावा. दोन मिलिमीटर लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की हाताखालच्या प्लास्टिकला वरून फोड येतो, आणि तो काही मलमानं जात नाही. बिजागऱ्या, पंखा, वाळलेली थर्मल पेस्ट यांचं नेहमीचंच. फक्त जिथं जाड पॅड होता तिथं नुसती पेस्ट लावू नका. मधली फट तशीच राहते.

हार्ड डिस्क कितीही गोड आवाज करत असली तरी निवृत्त करा. तिच्या जागी ४४ पिनांचा आयडीई (जुन्या हार्ड डिस्कची जोडणी) अडॅप्टर आणि त्यात कॉम्पॅक्टफ्लॅश हे मेमरी कार्ड. ४ जीबी पुरे. "३२ जीबीचं घाला की, स्वस्त आहे" असं सांगणारा भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला सांगावं की त्या काळच्या कित्येक बायोसला ८.४ जीबीच्या पुढचं दिसत नाही. निव्वळ डॉस ६.२२ घालणार असाल तर एका पार्टिशनला २ जीबीचीच मर्यादा. अडॅप्टर बसवताना पिना मोजा. एक ओळ सरकून बसला तर पाच व्होल्ट भलत्याच घरी जातात.

विंडोज ९८ सेकंड एडिशनची फाईलं कार्डावर उतरवून तिथूनच सेटअप चालवा. त्याआधी डॉसमध्ये स्मार्टड्राइव्ह (डिस्कचं काम भराभर करणारा छोटा प्रोग्रॅम) चालू करा, नाहीतर कॉपी होईपर्यंत मांडे करून, वाढून, भांडी घासून होतील. रॅम १२८ एमबी ठेवा. ५१२ च्या वर गेलात तर ९८ "मेमरी अपुरी आहे" म्हणून रडायला लागतं. जास्त दिलं म्हणून कमी पडलं अशी तक्रार करणारं दुसरं यंत्र माझ्या माहितीत नाही. सिस्टम.आयएनआय या सेटिंगच्या फाईलमध्ये मॅक्सफाईलकॅशला, म्हणजे फाईलींसाठी राखायच्या मेमरीला, लगाम घातला की शांत होतं.

आणि मग खरी गंमत. दुरुस्त करून पळायला लावलेलं यंत्र आता हळू करायचं! प्रिन्स शिस्तीचा, घड्याळाकडे बघून धावतो. पण १९९० चा विंग कमांडर हा अंतराळातल्या लढाईचा खेळ प्रोसेसरकडे बघतो. पेन्टियमवर शत्रू दिसायच्या आत आपण मेलेलो असतो. टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेले काही खेळ तर उघडतच नाहीत, नुसतं "रनटाइम एरर २००". घड्याळाच्या एका टिकेत, म्हणजे ५५ मिलिसेकंदांत, प्रोसेसर किती फेऱ्या मारतो ते मोजून हा प्रोग्रॅम ५५ नं भागतो. दोनशेएक मेगाहर्ट्झच्या पुढं उत्तर १६ बिटांत मावत नाही आणि तो कोलमडतो. त्याला पॅच मिळतो. बाकीच्यांसाठी बायोसमधून किंवा छोट्या युटिलिटीनं प्रोसेसरची कॅश (जवळची वेगवान मेमरी) बंद करा. पेन्टियम टू जवळपास ३८६ या जुन्या प्रोसेसरच्या चालीवर येतो. शेजारचे जोशीकाका विचारतील, "झाला का फास्ट?" हो म्हणून मोकळं व्हावं.

पडद्यावर खेळ मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसला तर स्क्रीन एक्स्पान्शनची की शोधा. थिंकपॅडवर फंक्शन आणि एफ८.

बॅटरीच्या नादाला मी लागत नाही. आत बहुधा १८६५० मापाचे सेल असतात, ते बदलता येतात. पण सेल सुटले की बऱ्याच पॅकमधली चिप रुसते आणि नव्यांना ओळख देत नाही. बॅटरी काढून अडॅप्टरवर चालवा, व्होल्ट मात्र खालच्या लेबलवर वाचून. थिंकपॅड टी४२ ला १६ लागतात, टी६० ला २०. आणि प्लग घरच्या इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या, कारण प्रिन्समध्ये कंट्रोल-जीनं खेळ सेव्ह होतो तो तिसऱ्या लेव्हलपासून. त्याच्या आत लाईट गेली की पुन्हा पहिल्या लेव्हलचं तळघर.