माऊसवरचं चित्र किती दिवस टिकणार?

चित्रकारांची डिझाइनं असलेले वायरलेस माऊस आले की लोक हमखास रंग बघून घेतात. घ्यावेत की, दिवसभर हाताशी असणारी वस्तू देखणी असली तर काय बिघडलं? तक्रार वेगळीच आहे. खोक्यावर चित्रकाराचं नाव असतं, डीपीआय (माऊस किती बारीक हालचाल टिपतो त्याचा आकडा) असतो, पण चित्र कोणत्या पद्धतीने छापलंय हे लिहिलेलं नसतं. आतला माल बहुतेक वेळा साध्या मॉडेलचाच. मायक्रोसॉफ्टच्या वायरलेस मोबाइल माऊस ३५०० च्या आर्टिस्ट आवृत्तीतही साध्या ३५०० मधलाच ब्लूट्रॅक (निळ्या प्रकाशाने हालचाल टिपणारा) सेन्सर आणि एकच डबल ए सेल होता. म्हणजे फरक फक्त कव्हरचा, आणि त्याच कव्हरबद्दल कुणी काही सांगत नाही.

सगळ्यात टिकाऊ पद्धत अशी: चित्र पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूला छापतात, ती फिल्म साच्यात ठेवतात आणि मागून वितळलेलं प्लास्टिक भरतात. शाई फिल्मखाली राहते, तिला हात लागतच नाही. मात्र खोल वळणावर फिल्म ताणली जाते आणि रेषा ओढल्यासारख्या दिसतात, म्हणून बारीक काम पाठीच्या सपाट भागात ठेवलेलं बरं. दुसऱ्या पद्धतीत छापील फिल्म पाण्यात विरघळते, शाई वर तरंगत राहते आणि कव्हर त्यात बुडवतात. नक्षी पार कडेपर्यंत चढते, वरून पारदर्शक लॅकर, म्हणजे रंग जपणारा वॉर्निशसारखा थर, मारतात. ढग, लाकडाच्या रेषा, संगमरवर यांना ही पद्धत झकास, पण चेहरा किंवा अक्षरं असली की वाकडी होतात. तिसरी म्हणजे तयार कव्हरवर थेट छपाई. वर चांगला लॅकर नसेल तर ती सगळ्यात आधी जाते.

ओळखायला सोपं आहे. माऊस तिरक्या उजेडात धरा आणि रंगाच्या कडेवरून नख हलकेच फिरवा. उंचवटा लागला तर शाई वर उघडी आहे. गुळगुळीत लागलं तर वर फिल्म किंवा बऱ्यापैकी जाड थर आहे.

झीज सुरू होते ती अंगठा घासतो त्या बाजूला, डाव्या बटणाच्या टोकाला आणि तळवा टेकतो त्या पाठीवर. (गंमत म्हणजे काम चालू असताना चित्राचा मोठा भाग हाताखालीच असतो!) घाम आणि हँड क्रीम हळूहळू रंग खातात, सॅनिटायझर भराभर, कारण अल्कोहोलने लॅकर मऊ पडतो. हात पूर्ण कोरडे झाल्यावरच माऊस धरा. पुसायला पाण्यात सौम्य साबणाचा थेंब आणि घट्ट पिळलेलं मऊ फडकं, बस. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको. त्यातल्या ॲसिटोनने कव्हरचं एबीएस प्लास्टिकच विरघळतं. अल्कोहोल वापरायचंच तर कापसाच्या काडीने खालच्या सेन्सरच्या खाचेत.

रबरासारखा मऊ स्पर्श देणारा थर मात्र टाळाच. त्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने कालांतराने विघटतं आणि कव्हर चिकट होतं, न वापरता कपाटात ठेवलं तरी.

चित्रावरून नजर हटली की दोन गोष्टी तपासा. कर्सर अडखळत असेल तर दोष माऊसचाच असेल असं नाही. यूएसबी ३.० पोर्ट आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात आणि डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावलेला माऊसचा छोटा रिसीव्हर, त्याच लहरींवर माऊसशी बोलतो. छोट्या एक्स्टेन्शन केबलने डोंगल पोर्टपासून दूर, माऊसजवळ आणा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं. दुसरं, माऊस बरेच दिवस वापरात नसेल तर सेल काढून ठेवा. अल्कलाइन सेल गळला की पांढरा क्षार सेलच्या खणातल्या धातूच्या पट्ट्यांवर चढतो. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या काडीने तो निघतो, पण पट्टी आधीच खाल्ली गेली असेल तर उपयोग नाही.

एका क्लिकला दोन क्लिक व्हायला लागले तर बटणाखालच्या स्विचमधली धातूची पातळ पट्टी झिजली किंवा तिच्यावर ऑक्साइड चढलं. सोल्डरिंग येत असेल तर स्विच बदलता येतो. स्क्रू बहुतेकदा तळाच्या सरकपट्ट्यांखाली किंवा लेबलमागे लपवलेले असतात. ते न शोधता कडेतून स्क्रूड्रायव्हर घालून कव्हर उचकटलं की पहिला ओरखडा चित्रावर, आणि तसलंच कव्हर सुटं मिळणं कठीण.