कर साखरेवर की बुडबुड्यांवर?

वरुड-मोर्शी रस्त्यावरच्या एका फाट्यावर माझं दुकान आहे. किराणा, रिचार्ज, आणि बाहेर कंपनीने दिलेला काचेच्या दाराचा फ्रीज. परवा दुपारी गावातले एक म्हातारे काका संत्र्याच्या मृगबहाराचा, म्हणजे पावसाळी बहाराच्या फळाचा, सौदा करून आले. व्यापाऱ्याने अर्धा माल चुरी, म्हणजे बारीक फळ, म्हणून बाजूला काढला होता. बाकावर बसले, थंडा मागितला. केशरी. दोन घोट झाल्यावर बाटली हातभर लांब धरून म्हणाले, “बाबू, वाच बरं. याच्यात संत्रा किती हाय?”

मी वाचलं. बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलं होतं, ‘कंटेन्स नो फ्रूट’.

“नाही जी काका. फळच नाही.”

“मंग रंग कायचा हाय?”

“रंगाचाच रंग हाय जी.”

काकांनी उरलेली बाटली संपवली. पैसे देऊन झाले होते, फेकणार थोडीच.

(लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की कायद्याला पुरतं, मराठीची सक्ती नाही. वरुडला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. आणि बाटलीत संत्रा नाही हे संत्रा पिकवणाऱ्याला कळायला दुकानदार लागतो.)

तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय. 2025 च्या 22 सप्टेंबरला जीएसटी बदलला तेव्हा लोक फाट्यावर येऊन विचारायचे, बिस्किट स्वस्त झालं, थंडा का नाही? त्याचं उत्तर साधं आहे. आधी 28 टक्के जीएसटी आणि वर 12 टक्के सेस, म्हणजे जादा उपकर, होता, आता सरळ 40. बेरीज तीच. दहाची बाटली मला पावणेनऊला पडते, त्यातले अडीच रुपये कराचे. माझ्या वाट्याला सव्वा रुपया, त्यातून लाइट बिल भरा. खोटं कशाला बोलू, मीही दोन उन्हाळे ‘थंड करायचे’ दोन रुपये जास्त घेत होतो. कॉलेजच्या एका पोट्ट्याने छापील किमतीवर बोट ठेवलं आणि चारचौघांत माझी उतरवली. बरोबरच होतं त्याचं.

थंड्यावर कर जास्त असावा, याला माझी ना नाही. पोट्टे रोज पितात, दात आणि वजन दोन्ही दिसतं. पण तो कर नेमका कशावर आहे ते बघा. माझ्याच फ्रीजमध्ये आंब्याचं पेय आहे, गॅस नसलेलं. त्यावर 5 टक्के. मी दोन्ही लेबलं शेजारी धरून साखर वाचली, आंब्यात उलट जास्तच निघाली. बिनसाखरेचा कोला आहे, त्यात साखर शून्य, त्यावर 40. साधा सोडा, ना गोड ना वासाचा, त्यावर 5. त्याच सोड्यात मी दुकानात लिंबू पिळून दिलं तर बाटलीवर 5, आणि कारखान्यात लिंबाचा नुसता वास घालून बूच लावलं तर 40. म्हणजे आंब्याची साखर सुटते आणि बिनसाखरेचा बुडबुडा सापडतो. हे कोणत्या डॉक्टरने सांगितलं?

यात आमच्या पट्ट्याची कशी गोची होते ते घरातच पाहिलंय. माझ्या चुलत भावाच्या डोक्यात आलं की चुरीचा रस काढून संत्रा सोडा करायचा. पहिला अडथळा फळाचाच. नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होत जातो, लिमोनिन नावाच्या घटकामुळे. ताजं फळ सोलून खा, अमृत. रस दुपारपर्यंत ठेवा, औषध. कडूपणा काढायची रीत आहे, पण त्याला यंत्रं लागतात, पैसा लागतो. तरी भाऊ हटला नाही. नियम वाचायला बसला. एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा खात्याच्या, नियमात गॅसवाल्या फळपेयात किमान 10 टक्के फळ हवं, लिंबू असेल तर 5. तो म्हणाला, मी तर 20 घालतो. मग आम्ही कराचं पान उघडलं. गॅससकट फळाचा रस, 40 टक्के. काकांनी प्यायलेल्या बिनफळाच्या बाटलीइतकाच. 20 टक्के संत्रा आणि शून्य संत्रा, सरकारच्या वहीत एकाच ओळीत.

2014 च्या सप्टेंबरमध्ये कर्नाटकातल्या तुमकुरूच्या फूड पार्कमध्ये पंतप्रधानांनीच शीतपेय कंपन्यांना सांगितलं होतं, 5 टक्के फळाचा रस घाला, शेतकऱ्याचं भलं होईल. ते भाषण इकडच्या बागायतदारांना चांगलं आठवतं. मग 1 ऑक्टोबर 2021 पासून रस घातलेल्या गॅसपेयालाही कोल्याचाच दर लागला. लहान सोडावाल्याची गोची त्याआधीच झाली होती. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला कारखानदार उलाढालीवर 1 टक्का जीएसटी भरून मोकळा होऊ शकतो, पण 1 ऑक्टोबर 2019 पासून एरेटेड वॉटर, म्हणजे गॅसचं पाणी, बनवणाऱ्यांना ती वाट बंद. मोठ्या कंपनीला 40 टक्के झेपतात, तिच्याकडे गाड्या आहेत, जाहिरात आहे. 2023 ला रिलायन्सकडून जुना कॅम्पा कोला परत आला तो 200 मिली दहा रुपयांत. त्या दहासमोर तालुक्यातल्या कोणाचा सोडा टिकणार?

बाबा गोल्ड स्पॉट या जुन्या थंड्याच्या आठवणी सांगतात. तोही केशरीच. 1993 ला कोकाकोला परत आला, पारलेचे ब्रँड घेतले, आणि गोल्ड स्पॉट फँटासाठी बाजूला गेला. मी विचारलं, त्यात संत्रा होता का? बाबा म्हणाले, तेव्हा कोण विचारत होतं.

भावाने शेवटी सोड्याचा नाद सोडला. मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला हातयंत्र लावून ताजा रस विकतो, 20 रुपये ग्लास. कडू व्हायच्या आत संपतो.

आणि मी फ्रीजचा खालचा कप्पा मोकळा केला. शाळा रस्त्यापलीकडेच आहे. शाळेपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मिठाचे पदार्थ विकू नयेत असा 2020 चा नियम आहे, आणि माझं दुकान मोजलं तर कुठे पडतं ते मी मोजलेलं नाही, खरं सांगतो. त्या कप्प्यात आता घरच्या ताकाच्या पिशव्या आणि साधा सोडा असतो, लिंबू वर टोपलीत. फ्रीजच्या कागदावर लिहिलंय की आत फक्त कंपनीचाच माल. कंपनीचा पोरगा सोमवारी ऑर्डर घ्यायला येतो, दार उघडतो, ताक बघून तोंड वाकडं करतो. बेचाळीसच्या उन्हात मोटारसायकलवर आलेला असतो बिचारा. मी त्याला एक पिशवी फोडून देतो. मागच्या सोमवारी त्याने स्वतःच दुसरी मागितली.