टॅग समोर दिसतो, तरी हाती ‘नन’ का?

एक्सएमएल फायलीत टॅग स्पष्ट दिसत असतो, अक्षरन् अक्षर जुळत असते, आणि तरीही पायथनच्या एलिमेंटट्री या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीत ‘फाइंड’ने तो शोधला की निमूटपणे ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, हाती पडते, याचा मला आता मनस्वी संताप येऊ लागला आहे. ॲटम फीडसारख्या (संकेतस्थळावरच्या नव्या नोंदींची यादी देणाऱ्या) फायलीत मूळ घटकावरच डिफॉल्ट नेमस्पेस, म्हणजे टॅगची नावे कोणत्या संचातली हे सांगणारा पत्ता, जाहीर केलेली असते, त्यामुळे फाइल वाचून (पार्स करून) तयार झालेल्या ट्रीमध्ये ‘एंट्री’ हे नाव नुसते ‘एंट्री’ राहत नाही. महिरपी कंसातला नेमस्पेसचा संपूर्ण पत्ता त्याच्या आधी जोडला जातो. नेमस्पेसची शिफारस, म्हणजे तिचे अधिकृत प्रमाणक, १९९९ सालची आहे आणि एलिमेंटट्री २००६ पासून पायथनसोबतच मिळते. मग नवशिक्यांसाठीचे इतके धडे अजूनही नेमस्पेस नसलेल्या सोप्या नमुन्यावरच का थांबतात?

त्याहून वाईट म्हणजे बिघाड जिथे होतो तिथे तो कळतच नाही. जुळणारे सगळे टॅग शोधणारे ‘फाइंडऑल’ रिकामी यादी देते, लूप एकदाही फिरत नाही आणि प्रोग्रॅम बिनतक्रार संपतो. ‘फाइंड’च्या उत्तराकडे ‘टेक्स्ट’ मागितले तर ‘ननटाइप’विषयीचा एरर येतो खरा, पण त्यात नेमस्पेसचा उल्लेखही नसतो, आणि शिकणारा बिचारा स्पेलिंग पुन्हा पुन्हा तपासत बसतो. (मी शिकवतो त्या प्रत्येक तुकडीत हेच घडते.) पायथन ३.८ पासून टॅगच्या आधी महिरपी कंसात तारांकन लिहिले की कोणतीही नेमस्पेस चालते. एवढी साधी सोय धड्याच्या पहिल्याच पानावर सांगायला नेमकी काय अडचण आहे?