शंभर पानांपुढे वर्ड चालत नाही, हे खरं नाही

पीएचडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक संदेश सतत फिरतो: ‘प्रबंध शंभर पानांवर गेला की वर्ड कोसळतं. लाटेक घ्या. मांडणी आपोआप होते, मराठीही चालतं.’ लाटेक म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून त्यातून छापायची पानं बनवणारी प्रणाली. मी स्वतः ती आवडीने वापरते, तरीही नवख्यांना असं घाबरवणं मला पटत नाही.

आधी कोसळण्याचं पाहू. वर्डची फाइल चित्रांसकट ५१२ एमबीपर्यंत चालते, निव्वळ मजकूर ३२ एमबीपर्यंत. कुठला प्रबंध एवढा मजकूर भरतो? विस्कटते ती हाताने केलेली मांडणी. मथळ्याला ‘हेडिंग १’ न लावता तो नुसता ठळक केला, पुढच्या पानावर जायला एन्टर दाबत राहिलं, ‘आकृती ३.४’ हाताने टाइप केलं, की मध्ये एक आकृती घुसताच पुढचे सगळे क्रमांक चुकतात. स्टाइल (तयार मांडणी), कॅप्शन (आकृतीचा आपोआप क्रमांक असलेली ओळ) आणि क्रॉस-रेफरन्स (त्या क्रमांकाशी जोडलेला उल्लेख) वापरले असतील तर सगळं निवडून एफ९ दाबायचं, क्रमांक आणि अनुक्रमणिका ताजी होते. फुकटच्या लिबरऑफिसमध्येही ही सोय आहे.

‘आपोआप मांडणी’ अर्धी खरी. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ मध्ये टेक, म्हणजे लाटेकचा पाया, हाती घेतलं ते गणिती मजकूर नीट छापला जावा म्हणून, आणि समीकरणांत लाटेकला आजही तोड नाही. पण रुंद तक्ता पानात बसवायला आपल्यालाच झगडावं लागतं.

मराठीचा दावा सर्वांत फसवा. लाटेकचं नेहमीचं रूप, पीडीएफलाटेक, आपले युनिकोड फॉन्ट थेट घेत नाही. त्यासाठी झीलाटेकसारखं दुसरं रूप लागतं. तिथेही लिपी देवनागरी असल्याचं सांगितलं नाही तर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. शेवटची सूची निव्वळ युनिकोडच्या क्रमाने लावली तर ‘गळती’ ‘गवंडी’च्या आधी येते, कारण तिथे ळ व-च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत तो ह-नंतर.

संदेशात नसलेला प्रश्न मात्र सर्वांत मोठा: दुरुस्त्या कोण करणार? मार्गदर्शक सर किंवा मॅडम वर्डच्या ट्रॅक चेंजेसमध्ये (दुरुस्त्या मजकुरातच दाखवणाऱ्या सोयीत) तपासत असतील, तर लाटेकच्या पीडीएफवरची त्यांची प्रत्येक खूण तुम्हाला पुन्हा हाताने उतरवावी लागेल. पहिलं प्रकरण लिहिण्याआधी त्यांना एवढं विचारून घ्या. समीकरणं शेकड्यांनी असतील आणि मार्गदर्शकही लाटेकवाले असतील, तर खुशाल लाटेक घ्या.