खाड्याचे सहा शिलिंग

इंग्लंडमध्ये रग्बीचे दोन वेगळे खेळ का आहेत, हे समजावणारा एक मराठी मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मला तो तीन नातेवाइकांनी पाठवला, “तू तिथेच राहतेस ना, बघ” म्हणून. मजकूर थोडक्यात असा:

“रग्बी युनियन हा साहेबांचा खेळ आणि रग्बी लीग हा गिरणी-खाणीतल्या लोकांचा. १८९५ मध्ये उत्तरेकडच्या खेळाडूंना खेळायचे पैसे हवे झाले, म्हणून ते फुटून निघाले. युनियनवाल्यांनी मात्र शंभर वर्षं पैशाला हात लावला नाही. लीगवाल्यांनी नियम सोपे केले, त्यामुळे डोकं असलेला प्रेक्षक युनियनकडे राहिला. १९९५ मध्ये युनियननेही पगार सुरू केले आणि भांडण मिटलं. आता चाहते भांडतात ते केवळ सवयीने.”

मी उत्तर इंग्लंडमधल्या हडर्सफील्डला राहते. ज्या जॉर्ज हॉटेलात ही फूट पडली, त्याची इमारत रेल्वे स्टेशनबाहेरच्या चौकात आहे. हॉटेल २०१३ मध्ये बंद पडलं. कामावर जाता-येता ती इमारत मला दिसते. मेसेज सगळाच खोटा असता तर मी लक्ष दिलं नसतं. पण त्यात थोडं खरं मिसळलंय, आणि तेवढ्याच्या जोरावर ज्यांची रोजी बुडत होती त्यांना हावरट ठरवलंय. ते मला सोडून देता येत नाही.

“खेळायचे पैसे हवे झाले.” सगळ्यात मोठी चूक इथे आहे.

१८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला थांबू लागल्या. यॉर्कशर आणि लँकशरच्या कामगाराला आठवड्यातून अर्धा दिवस मिळाला आणि त्या अर्ध्या दिवसात तो मैदानावर आला. सामना गावात असला तर प्रश्न नव्हता. पण दूरच्या गावी असला, तर शनिवारी सकाळीच गाडी पकडावी लागे, म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. खेळताना हाड मोडलं तर पुढच्या कित्येक दिवसांची गेली. इंग्रजीत याला ‘ब्रोकन टाइम’ म्हणत. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते, त्यामुळे मला यासाठी शब्द शोधावा लागला नाही. तो खाडा. आमच्या घरात महिनाअखेरीला पहिला प्रश्न असायचा, किती खाडे पडले. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सनी बनवलेली यंत्रं मुंबईच्या गिरण्यांत धडधडत होती, आणि ओल्डहॅमचा क्लब १८९५ मध्ये फुटून निघालेल्यांपैकी एक. गिरणगावातल्या माणसाला हा वाद जितका लवकर कळेल तितका लंडनच्या वकिलाला कळला नसता. कळला नाहीच.

मागणी होती ती खाड्याच्या भरपाईची. २० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियनची, म्हणजे तेव्हा सगळी इंग्लिश रग्बी चालवणाऱ्या संघटनेची, सभा भरली. यॉर्कशरच्या जेम्स मिलर यांनी ठराव मांडला की खेळामुळे बुडालेली मजुरी खेळाडूला भरून देण्याची मुभा असावी. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला. विरोधातल्या मतांत हजर नसलेल्या क्लबांची मुखत्यारीने दिलेली मतंही पुष्कळ होती. दोन वर्षांनी, २९ ऑगस्ट १८९५ ला, उत्तरेकडचे क्लब जॉर्ज हॉटेलात जमले आणि त्यांनी नॉर्दर्न युनियन काढली, तीच पुढे रग्बी लीग झाली. पहिल्या हंगामात २२ क्लब होते. त्यांनी ठरवलेली भरपाई दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग होती. पगार नव्हे, मानधन नव्हे, बक्षीस नव्हे. खेळण्याबद्दल उघड मोबदला द्यायला परवानगी मिळाली ती १८९८ मध्ये. फूट त्याआधी तीन वर्षं पडली होती.

“युनियनवाल्यांनी पैशाला हात लावला नाही.” पंधरा पौंडांची एक गोष्ट सांगते. १८८८ मध्ये ब्रिटिश खेळाडूंचा एक संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघाला. हॅलिफॅक्सचा जॅक क्लाउज याने दौऱ्यासाठी कपडे-सामान घ्यायला पंधरा पौंड घेतले होते. तेवढ्यावरून त्याला व्यावसायिक ठरवण्यात आलं. तो बोटीने गेला, पण खेळला नाही. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९७ मध्ये, वेल्सचा लाडका कर्णधार आर्थर गूल्ड याला लोकवर्गणीतून घर भेट देण्यात आलं. इतर देशांच्या संघटनांनी हरकत घेतली, वेल्स आंतरराष्ट्रीय मंडळातून बाहेर पडलं, आणि शेवटी इंग्लंडच्या युनियनने ते प्रकरण पोटात घातलं. वेल्सला दुखावलं असतं तर तेही नॉर्दर्न युनियनकडे गेलं असतं, ही भीती होती. पंधरा पौंडांना तत्त्व आडवं आलं आणि अख्ख्या घराला आलं नाही. क्रिकेटवाल्यांना हे नवं वाटणार नाही. डब्ल्यू. जी. ग्रेस हे कागदोपत्री हौशी खेळाडू, आणि १८९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याचे त्यांनी तीन हजार पौंड घेतले होते. ‘हौशी’ हा शब्द पैशापेक्षा घराण्याबद्दल जास्त सांगत असे.

“लीग गिरणी-खाणीतल्या लोकांचा.” हे बरंचसं खरं आहे, आणि माझ्या गावाला त्याचा अभिमान आहे. पण मैदानावर कामगार होते म्हणून सत्ताही कामगारांच्या हाती होती असं समजू नका. उत्तरेकडच्या क्लबांच्या समित्यांवर कारखानदार, व्यापारी, दारूगुत्त्यांचे मालक होते. १८९८ मध्ये त्यांनी खेळाडूंना पैसे देताना अट घातली की प्रत्येकाकडे ‘खरी’ नोकरी हवी. गुत्त्यातला वेटर किंवा बिलियर्डच्या टेबलावर गुण मांडणारा पोऱ्या यांचं काम खरं धरलं जात नसे. आठवड्यात कामावर खाडा झाला तर शनिवारी खेळता येत नसे. ही अट १९०५ पर्यंत टिकली. कामगारावर नजर ठेवण्याची मालकांची सवय फुटून निघालेल्यांनीही सोडली नव्हती, आणि लीगचे चाहते हा भाग सांगायचं टाळतात याचं मला वाईट वाटतं.

“युनियन साहेबांचा.” आपल्याला हे लगेच पटतं, कारण आपल्याकडे रग्बी आणली ती साहेबाने. कलकत्त्यातला इंग्रजांचा रग्बी क्लब बंद झाला तेव्हा शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून चषक केला गेला. इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून त्या कलकत्ता कपसाठी खेळतात. मुंबईत रग्बीचं घर म्हणजे बॉम्बे जिमखाना, जिथे इंग्रजी अमलात भारतीयांना सभासदत्व नव्हतं. या खिडकीतून पाहिलं तर युनियन साहेबाचीच दिसणार.

पण दक्षिण वेल्सच्या खोऱ्यांत जा. तिथे युनियन खेळले ते कोळसा खणणारे आणि पोलाद ओतणारे. १६ डिसेंबर १९०५ रोजी कार्डिफमध्ये वेल्सने न्यूझीलंडला ३-० ने हरवलं, त्या संघात डाय जोन्स नावाचा खाणकामगार होता. तोच जोन्स १९०८ मध्ये लीगच्या नियमांनी न्यूझीलंडला हरवणाऱ्या वेल्स संघातही होता. एकच माणूस, तेच हात. त्याचा वर्ग कोणत्या खेळावरून ठरवायचा? स्कॉटलंडच्या सीमाभागात लोकरीच्या गिरण्यांतले कामगार युनियन खेळत. मेलरोझला १८८३ मध्ये सात-सात जणांचा खेळ सुरू केला तो नेड हेग, खाटिक. कॉर्नवॉलमध्ये रेडरूथ आणि कँबोर्नच्या खाणींभोवती युनियन वाढली. फ्रान्सच्या नैऋत्य भागात खेड्यापाड्यांचा खेळ तोच. न्यूझीलंडमध्ये तर तो शेतकऱ्यापासून माओरी वस्तीपर्यंत सगळ्यांचा. साहेबी चेहरा दिसतो तो प्रामुख्याने दक्षिण इंग्लंडच्या खासगी शाळांत, आणि तो आजही दिसतो, हे मी नाकारत नाही. सिडनीतही हे विभाजन शाळांवरून आणि उपनगरांवरून स्पष्ट जाणवतं.

सिडनीचा विषय निघालाच आहे तर तिथली फूट कशावरून पडली ते ऐका. १९०७ मध्ये ॲलेक्स बर्डन या खेळाडूचा खांदा दुखावला. पोट केस कापण्याच्या धंद्यावर, हात चालेना, आणि युनियनने एक पैसा दिला नाही. ८ ऑगस्ट १९०७ ला बेटमन हॉटेलात सभा झाली आणि न्यू साउथ वेल्सची लीग जन्माला आली. तिचा पहिला खजिनदार होता व्हिक्टर ट्रंपर. होय, तोच फलंदाज, ज्याने १९०२ मध्ये मँचेस्टर कसोटीत पहिल्याच दिवशी जेवणाआधी शतक ठोकलं. अर्ध्या पृथ्वीपलीकडे, बारा वर्षांनी, पुन्हा बुडालेली मजुरीच.

“नियम सोपे केले, डोकं असलेला प्रेक्षक युनियनकडे.” नियम बदलले ते तिकीट काढून आलेल्या माणसाला चेंडू दिसावा म्हणून. १८९७ मध्ये लाइनआउट (चेंडू बाहेर गेल्यावर दोन रांगा करून तो झेलण्याचा प्रकार) काढून टाकला आणि गोलचे गुण कमी केले, १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू केले. बाकी डोक्याबद्दल: फूट पडल्यावर इंग्लंडच्या युनियन संघाला शेजारी देशांबरोबरच्या वार्षिक स्पर्धेचं १९१० पर्यंत एकट्याने एकही विजेतेपद मिळालं नाही. २००३ चा विश्वचषक इंग्लंडने जिंकला तेव्हा बचावाचे प्रशिक्षक फिल लार्डर लीगमधून आलेले होते आणि अंतिम सामन्यात ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळणारे गुण) करणारा जेसन रॉबिन्सन विगनच्या लीग संघात घडलेला. ज्याच्याकडून शिकायचं त्यालाच अडाणी म्हणायचं, हे मला पटत नाही.

“१९९५ मध्ये भांडण मिटलं.” २६ ऑगस्ट १९९५ ला पॅरिसमध्ये युनियनने व्यावसायिकता स्वीकारली. शंभर वर्षांना तीन दिवस कमी होते. पण त्या शंभर वर्षांत काय झालं ते मेसेजमध्ये एका ओळीतही नाही. लीगच्या क्लबाशी करार केलेल्या खेळाडूला युनियनमध्ये परतीची वाट कायमची बंद होती. महायुद्धात ही बंदी सैन्यापुरती उठवली गेली. १९४३ मध्ये हेडिंग्लेला आणि १९४४ मध्ये ब्रॅडफर्डला दोन्हीकडचे खेळाडू युनियनच्याच नियमांनी एकमेकांशी खेळले, आणि दोन्ही वेळा लीगवाले जिंकले, १८-११ आणि १५-१०. युद्ध संपलं तशी बंदी परत आली. ज्यांच्यासोबत लढायला चालत होतं त्यांच्यासोबत खेळायला चालत नव्हतं. सैन्यदलात लीगला अधिकृत मान्यता मिळायला १९९४ उजाडलं.

फ्रान्समध्ये तर लीगचा गळाच दाबला. १९३४ मध्ये झाँ गालियाने सुरू केलेली लीग झपाट्याने वाढत होती. डिसेंबर १९४१ मध्ये, जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारने हुकूम काढून ती बरखास्त केली आणि तिची मालमत्ता जप्त केली. युद्धानंतर खेळ पुन्हा सुरू झाला, पण ‘रग्बी’ हे नाव लावायची मनाई होती. त्यांना कित्येक दशकं ‘तेरांचा खेळ’ एवढंच म्हणावं लागलं. याला पैशाचं भांडण कसं म्हणणार?

राहिले चाहते. त्यांची सवय म्हणणाऱ्याने एकदा गुड फ्रायडेला विगन-सेंट हेलन्स सामना पाहावा. लीगच्या चाहत्याचं खरं हाडवैर शेजारच्या गावाशी असतं. ट्विकनमची, म्हणजे लंडनमधल्या युनियनच्या मुख्य मैदानाची, आठवण त्याला रोज येत नाही. माझ्या शेजारचे निवृत्त गिरणी कामगार युनियनला ‘किक अँड क्लॅप’ म्हणतात, लाथ मारा आणि टाळ्या वाजवा. पण मुलगा युनियन खेळतो तेव्हा पावसात उभं राहून बघतात. त्यांच्या बोलण्यात राग येतो तो एकाच गोष्टीवर, कोणाला मान मिळाला आणि कोणाला नाही.

तो राग निराधार नाही. बिली बॉस्टन कार्डिफच्या टायगर बे या गोदीजवळच्या वस्तीतला, १९३४ चा जन्म. वेल्सच्या युनियन संघात १९८० च्या दशकापर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. बॉस्टन १९५३ मध्ये विगनला गेला आणि त्या क्लबासाठी त्याने ४७८ ट्राय केले. त्याच्याच गावचा क्लाइव्ह सलिव्हन उत्तरेला गेला आणि १९७२ मध्ये ग्रेट ब्रिटनच्या लीग संघाचा कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकून आला. हल शहरात शिरणारा हमरस्ता आज त्याच्या नावाचा आहे. कार्डिफने या दोघांचा पुतळा, कार्डिफच्याच गस रिझमन या लीग खेळाडूसह, उभारला तो २०२३ मध्ये.

युनियनच्या गॅरेथ एडवर्ड्सना २०१५ मध्ये ‘सर’ किताब मिळाला, बिल बोमंटना २०१९ मध्ये, आणि त्यांच्याआधीही काहींना. १८९५ पासून लीगच्या एकाही खेळाडूला तो मिळाला नव्हता. पहिला मिळाला बिली बॉस्टनला, जून २०२५ मध्ये. तेव्हा ते नव्वद वर्षांचे होते.