हॅलला खोटं बोलायला कुणी लावलं?

एआयचा विषय निघाला की एक दावा हमखास ऐकू येतो : 'सिनेमावाल्यांनी हे कधीच सांगून ठेवलंय. यंत्राला जाणीव आली की ते माणसावर उलटतं, तेही चाहूल न देता. म्हणून बंद करायचं बटण हाताशी ठेवा.' हे म्हणणाऱ्यांनी ते सिनेमे शेवटपर्यंत पाहिलेत का, अशी मला दाट शंका आहे.

आधी जाणिवेचं बघू. पुरावा ठरलेला : १९६८चा '२००१: अ स्पेस ओडिसी' आणि त्यातला यान सांभाळणारा संगणक, हॅल ९०००. अँटेनाचा एक भाग बिघडणार असं हॅल सांगतो. काढून तपासला तर तो ठणठणीत. दोघे अंतराळवीर पॉडमध्ये, म्हणजे यानातल्या छोट्या यानात, शिरतात, आवाज बाहेर जात नाही ना याची खात्री करतात आणि हॅलला बंद करण्याबद्दल बोलतात. काचेपलीकडून हॅल त्यांचे ओठ वाचत असतो. मग खून. इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण पुढे त्यांतला एक अंतराळवीर, बोमन, हॅलच्या स्मृतीचं एकेक मॉड्यूल उपसतो, हॅलचा आवाज जड होत जातो, तो गाणं म्हणू लागतो. आणि तो गप्प झाल्यावर आधीच चित्रित करून ठेवलेला एक संदेश सुरू होतो. त्यातून कळतं, की मोहिमेचा खरा हेतू यानावर एकट्या हॅललाच सांगितलेला होता. १९८४च्या '२०१०' या पुढच्या भागात तर हॅलचे निर्माते डॉ. चंद्रा सरळच सांगतात : माहिती न लपवता जशीच्या तशी देणं हे हॅलचं मूळ काम, आणि वरून हुकूम आला लपवायचा. बिचारा दोन हुकमांच्या कात्रीत सापडला. याला बंड कसं म्हणायचं?

'एलियन'मधला (१९७९) अ‍ॅश हा यंत्रमानव तर आज्ञाधारकपणाचा कळस. परग्रहावरचा जीव आणा, माणसं गेली तरी चालतील, हा कंपनीचा आदेश तो इमानेइतबारे पाळतो. 'द टर्मिनेटर' (१९८४) मात्र दावेदारांच्या बाजूचा आहे : त्यातली स्कायनेट ही संगणक यंत्रणा खरंच माणसांवर उलटते. तो त्यांना देऊन टाकू.

चाहूल नसते म्हणता? 'वेस्टवर्ल्ड'मध्ये (१९७३) यंत्रमानवांचं एक करमणूक पार्क आहे. तिथले तंत्रज्ञ बैठक घेऊन सांगतात, की बिघाड साथीच्या रोगासारखा पसरतोय आणि काही यंत्रांची रचना यंत्रांनीच केल्यामुळे ती नेमकी कशी चालतात हे आपल्यालाही ठाऊक नाही. तरी पार्क चालूच राहतं. 'रोबोकॉप'मध्ये (१९८७) ईडी-२०९ या सशस्त्र यंत्रमानवाचं प्रात्यक्षिक कंपनीच्या भर बैठकीत होतं. समोरच्या तरुणाने पिस्तूल केव्हाच खाली टाकलंय, तरी यंत्र 'शस्त्र टाका'चा धोशा सोडत नाही, सेकंद मोजतं आणि त्याची चाळण करतं. साहेबाची तक्रार कशाबद्दल? काम लांबलं तर पाच कोटी डॉलर व्याजात जातील याबद्दल! (ही चाहूल ऐकू येत नसेल तर मग कानच तपासावेत.)

राहिलं बटण. 'वेस्टवर्ल्ड'मध्ये वीज बंद केल्यावर नियंत्रण कक्षाची दारंच उघडत नाहीत आणि आतले तंत्रज्ञ गुदमरून मरतात. 'वॉरगेम्स'मध्ये (१९८३) क्षेपणास्त्रांच्या किल्ल्या फिरवणारी माणसं हटवून ते काम संगणकाकडे दिलेलं असतं. आता तो संगणक बंद केला, तर मुख्यालयच उद्ध्वस्त झालं असं समजून क्षेपणास्त्रं सुटतील, म्हणून प्लग काढताही येत नाही. आणि दावेदारांना आपण देऊन टाकलेला तो स्कायनेट? 'टर्मिनेटर २'मध्ये (१९९१) तो हल्ला करतो, तो घाबरलेली माणसं त्याचा प्लग काढायला धावतात तेव्हा.